उलटं बसवलेलं कुलूप

किल्लीमावशीला न उघडणारं कुलूप अजून बाजारात यायचंय, असं लोक म्हणत. आणि लोकांपेक्षा जास्त वेळा ती स्वतःच म्हणे. वडिलांकडून तिला हत्यारांची पेटी मिळाली होती आणि एक रीत. कुठलंही बंद दार उघडण्याआधी ते तीनदा वाजवायचं आणि विचारायचं, आत कोणी आहे का. मग ते वर्षानुवर्षं पडीक गोदाम का असेना. गिऱ्हाइकं हसत. मावशी त्यांना खुशाल हसू देई.

त्या दुपारी टेकडीवरच्या दुमजली घरातून तिला बोलावणं आलं. काम तसं किरकोळ होतं. वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं, दारातच जडवलेलं कुलूप गंजून बसलं होतं, ते उघडून पुन्हा चालतं करायचं. जिना चढता चढता घरच्या सासूबाईंनी सगळं सांगून टाकलं. सुनेचं मूल तीन महिन्यांपूर्वी जन्मताच गेलं. तेव्हापासून ती रडते, झोपेत चालते, आल्यागेल्यासमोर भलतंसलतं बोलते. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा महिने यायचा नाही. तोवर सुनेला या खोलीत ठेवायचं, जेवणखाण वर पाठवायचं.

"किल्ली बाहेरूनच फिरली पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "आतून काही नको. तिच्याच भल्यासाठी."

ते भलं मावशीला काही पचलं नाही. पण आपण कुलपाला आलोय, न्यायनिवाड्याला नाही, असं मनाला बजावत तिनं पेटी उघडली. मग रीतीप्रमाणे दार तीनदा वाजवलं आणि विचारलं.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इथं आपल्या नणंदेनंतर कुणी राहिलेलं नाही, तिला जाऊनही तीस वर्षं झाली, असं घाईघाईनं सांगून त्या खाली निघून गेल्या.

त्यांची पावलं जिन्यावर विरली. आणि दाराच्या आतून, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं,

"आहे..."

बाईचा आवाज होता. म्हणजे पोरीला आधीच कोंडलंय, आणि सासू तोंडावर खोटं बोलून गेली! गंजलेल्या कुलपाच्या आत पोर गेली कशी, हे मावशीला तेव्हाच सुचायला हवं होतं. पण राग आला की तिची अक्कल चरायला जाई.

"भिऊ नको बाळा," ती हळूच म्हणाली. "आत्ता उघडते."

"उघडून काय... पुन्हा लावतील." मग आवाज आणखी हळू झाला. "उलटं बसव..."

कुलूप उलटं बसवणं ही शिकाऊ माणसाची चूक. किल्लीचं भोक आतल्या बाजूला जातं आणि बाहेर नुसता गुळगुळीत पत्रा उरतो. मावशीनं ती चूक पहिल्या वर्षीही केली नव्हती. तरी आज करावी असं तिच्या मनात येतंय, तोच मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, पाणी घ्या."

जिन्याच्या वरच्या पायरीवर सून उभी होती. डोळे सुजलेले, हातात पेला.

मग आत कोण बोललं? मावशीनं पाणी एका घोटात संपवलं. भीती वाटली की हाताला काम द्यावं, हा तिचा जुना तोडगा. दहा मिनिटांत तिनं दार उघडलं.

कोंदट हवा बाहेर आली, आणि तिच्यात ताज्या साबणाचा वास होता. आत एक खाट, एक खुर्ची, स्क्रू मारून बंद केलेली खिडकी. दाराच्या आतल्या बाजूला हाताच्या उंचीवर रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं. सुनेनं तिथं तळवा टेकवला आणि चटकन काढून घेतला.

"गरम आहे," ती म्हणाली.

मावशी कुलपाकडे वळली. तिनं कुलूप साफ केलं, तेल दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा उलटं बसवलं. किल्ली आतून लावून ठेवली.

सासूबाई काम पाहायला वर आल्या. बाहेरचा कोरा पत्रा पाहून त्यांचं टाळकं सरकलं. किल्ली कुठंय म्हणत त्या तरातरा आत शिरल्या. त्यांच्यामागं दार हलकेच लागलं, आणि किल्ली फिरली.

"सोडा ना... किल्ली सोडा..." आतून सासूबाईंचा आवाज आला.

मावशीनं पत्र्यावरून हात फिरवला. बाहेरून उघडण्याची सोय तिनंच ठेवली नव्हती. सून तिच्या दंडाला धरून उभी होती.

मग आत रडणं सुरू झालं. "मी नवी होते, वन्सं. मला सांगितलं, मी कुलूप लावलं. ताट घेऊन आले की तुम्ही रोज विचारायचात... आज उघडं ठेवशील का. मी रोज लावलं." मग कुणाला तरी उत्तर दिल्यासारखा आवाज आला. "नाही. हिला नाही ठेवणार. तुमच्या गळ्याची शपथ."

दार उघडलं. सासूबाई एकट्याच उभ्या होत्या. तेवढ्या वेळात त्यांचं वय दहा वर्षांनी वाढलं होतं. मावशीनं आधी आत हात घालून किल्ली काढली आणि सुनेच्या मुठीत कोंबली. आता या घरात कुणी कुणाला कोंडायला नको.

"सामान भर," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "आईकडे जा. रडायचं तेवढं रड तिथं. मुलाला काय सांगायचं ते मी सांगते."

"आणि तुम्ही?"

सासूबाईंनी मागं वळून रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "मी बसते जरा. तिच्यापाशी इतक्या वर्षांत कुणी बसलंच नाही."

त्यांनी दार लोटून घेतलं. दोघी अर्धा जिना उतरल्या असतील, तोच वरून सासूबाईंचा आवाज आला. बारीक, नव्या नवरीसारखा.

"आता तुम्हीच लावा, वन्सं..."

आणि कुलूप लागलं. सुनेनं मूठ उघडून पाहिलं. किल्ली तिच्या हातातच होती.