ओटीतले चार दाणे

अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहराबाहेरच्या जुन्या प्लांटेशनवर हिमानीचं डोहाळजेवण ठरलं, तेव्हापासून पद्मिनीकाकूंचे पाय जमिनीवर नव्हते. काकू तिच्या शेजारीण. पण उत्साह सख्ख्या आईच्या वरताण. आल्याबरोबर त्यांनी त्या दुमजली विटांच्या घरातलं दार न् दार उघडून पाहिलं. गाइड सांगत होता, इथे गुलामांकडून भातशेती करवून घेत, विटासुद्धा त्यांच्या लेकरांनी थापलेल्या, आणि ती लेकरंही आयांपासून तोडून विकून टाकत. एका विटेत चिमुकलं बोट उमटलेलं होतं. काकूंनी त्या खळग्यात करंगळी घालून पाहिली. मावली नाही.

दुपारी हिमानी हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून बसली. काकू ओटीचं ताट घेऊन पुढे आल्या, तर तिचा हात पोटावरून सारखा फिरत होता.

"काकू... सकाळपासून हललं नाहीये."

तिचं आधीचं बाळ असंच गेलं होतं. तिचा नवरा, संजय, गाडी आणायला धावला. गोड पोटात गेलं तर बाळ हलेल म्हणून काकू साखर शोधत मागच्या जुन्या स्वयंपाकघराकडे पळाल्या. ताट हातातच राहिलं.

ती विटांची वेगळी खोली होती. सकाळी तिच्या चुलीत कोळिष्टकं लोंबत होती. आता दार ढकललं, तर लाकडाच्या धुराचा वास, ओल्या चिखलाचा वास... आणि अंधारात एक काळी बाई. जाडाभरडा झगा, अनवाणी पाय, दिवस भरत आलेले. पर्यटकांसाठी सोंग घेऊन उभी केलेली असेल, काकूंना वाटलं. पण समोर गर्भारशी आणि हातात ओटी. रिकामी कशी सोडायची?

काकू काही बोलायच्या आत बाईने झग्याचा घोळ पसरला. काकूंनी तांदूळ, नारळ, खण सगळं घातलं. तिने चार दाणे उचलून परत ताटात टाकले. अगदी आपल्या बायका टाकतात तसे.

मग हळूच इंग्रजीत म्हणाली, "माझं इथे राहू देत नाहीत... तू घेऊन जा."

काय, ते काकूंनी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच.

बाहेर एकच गलका. हिमानी रडता रडता हसत होती. "काकू, हात लावा... केवढी लाथ मारली!" काकूंनी हात लावला. पोटात नुसता धुमाकूळ. काकूंनी तिथल्या तिथे फुगडीची गिरकी घेतली. साखर कुणाला आठवलीसुद्धा नाही.

गाडीत बसताना ताटाकडे लक्ष गेलं. परत आलेले चारही दाणे तुसासकट होते. ताजी साळ, बोटांना ओल लागत होती. काकूंनी घरी जाऊन ते रीतीप्रमाणे तांदळाच्या डब्यात टाकले.

महिन्याभराने मुलगी झाली, ठणठणीत. हॉस्पिटलात पहिल्या अर्थातच काकू.

"जन्मल्यापासून मूठ उघडत नाही बघा," हिमानी कौतुकाने म्हणाली.

काकूंनी करंगळी घालून मूठ अलगद सोडवली. गुलाबी तळव्यावर एक दाणा होता. तुसासकट.

"काय हो, काकू?"

हिमानी वाकून बघेपर्यंत पोरीने, काकूंकडे टक लावून, मूठ पुन्हा घट्ट मिटली.