ठेकेदारांच्या सहीची काच

"भिंत जितके दिवस मागेल तितके तिला द्यायचे. आणि काच रोज सकाळी बघायची. एकही सकाळ चुकवायची नाही."

चक्रीवादळात आजोबांचा पाय मोडला. त्यांना होडीतून इस्पितळात नेताना, आडव्या फळीवर पडल्यापडल्या त्यांनी नातीला एवढंच सांगितलं होतं. "बघेन, आजोबा. रोज," ती म्हणाली होती. आजोबा जुन्या चुन्याच्या कामाचे गवंडी. त्यांची थापी हातात घेऊन ती लहानपणापासून मिरवायची, म्हणून तिचं नावच थापी पडलं होतं.

समुद्राचं पाणी ओसरून आता तीन आठवडे झाले होते. गावातली दगडी घरं दीडदोनशे वर्षांची. त्यांच्या भिंतींवर खिडकीच्या उंचीला चिखलाची रेघ उरली होती. सुट्टी होती, पण थापी सकाळी उठून गल्लीतल्या सात घरांच्या भेगा बघून यायची. प्रत्येक भेगेवर तिने काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली होती आणि वर तारीख घातली होती. भिंत केसभर सरकली तरी काच तडकते. डोळ्याला नंतर कळतं, काचेला आधी.

तिच्याबरोबर मामेभाऊ भोंगा असे. त्याला हळू बोलताच येत नसे. आणि भोंग्याच्या मागे त्याची सहा वर्षांची बहीण, शेपूट.

त्या दिवशी तिघं जुन्या जकातघरात शिरली. तिथे आता वाचनालय होतं. परवा सकाळी दहाला ते पुन्हा उघडायचं होतं. भिंती नव्या रंगाने दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या.

"हिला घाम आलाय," शेपूट म्हणाली.

"कुणाला?"

"भिंतीला."

थापीने हात लावला. हात ओला झाला. रंगाला फोड आले होते आणि फोडाखाली मिठाची पांढरी भुकटी होती. तिने नखाने खरवडलं, तर खाली करडं सिमेंट.

"चुन्याच्या भिंतीवर सिमेंट," ती हळूच म्हणाली. "पाणी आतच कोंडलंय."

"मग काय होईल?" भोंग्याने विचारलं आणि कोपऱ्यातला रंगारी दचकून शिडीवर डुलला.

"आतला चुना भिजून लापशी होईल."

त्याच भिंतीच्या मागच्या बाजूला, अंगणात, बोटभर रुंद भेग निघाली. थापीने तिथे काच लावली. संध्याकाळी पाहिलं, तर काचेचे दोन तुकडे.

वाचनालयाची दुरुस्ती करणारे ठेकेदार काका ते तुकडे बघून हसले. "तुमचा चेंडू लागला असेल. अगं, तुझ्या वयाएवढ्या इमारती उभ्या केल्यात मी. चुना वाळायची वाट बघत बसलो असतो, तर वाचनालय पुढच्या वर्षी उघडलं असतं."

थापीची मावशी ग्रंथपाल होती. तिने भाचीकडे पाहिलं, मग ठेकेदारांकडे. "बाळा, त्यांना कळतं गं त्यातलं," ती म्हणाली, पण तिचा आवाज डळमळीत होता. त्याच भिंतीला लागून परवा बालवाडीची चाळीस मुलं बसणार होती. पहिल्या खुर्चीवर कागदी फुलं घेऊन शेपूट.

रात्री भोंगा म्हणाला, "आपलं कुणी ऐकणार नाही. आपण लहान."

"आपलं नाही ऐकणार," थापी विचार करत म्हणाली. "पण त्यांचं स्वतःचं?"

दुसऱ्या दिवशी ती ठेकेदारांपुढे काचपट्टी घेऊन उभी राहिली. चेहरा अगदी गरीब. "काका, माझा हात कच्चा आहे. म्हणून तुटली असेल. तुम्ही लावून दाखवाल? तुमचा हात पक्का."

ठेकेदारांची मान ताठ झाली. त्यांनी काच लावली, दोन्ही टोकं पक्की केली, ठोकून पाहिली.

"सही पण करा ना," भोंगा ओरडला. "म्हणजे आम्ही बदलली असं कुणी म्हणायला नको."

"घ्या, बाबा." त्यांनी पट्टीवर लांबलचक सही केली. खाली तारीख. "ही तुटली तर मी मिशी काढीन." मावशी शेजारीच उभी होती. संध्याकाळी जाताना तिने मागच्या अंगणाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

उद्घाटनाच्या दिवशी नऊ वाजता मुलं रांगेने येऊ लागली. मावशीने फाटक उघडलं आणि चौघं भेगेपाशी गेली.

काच मधोमध तुटली होती. नाव एका तुकड्यावर, आडनाव दुसऱ्यावर. मधल्या भेगेत आता थापीचा अख्खा हात जात होता.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती पळत आत गेली आणि दाराजवळची एक खुर्ची उचलून तिने बाहेर फेकली. "सगळे बाहेर. समोरच्या मैदानात. कुणीही आत थांबायचं नाही."

"अहो बाई, काय चालवलंय हे?" ठेकेदार धावत आले.

मावशीने दोन तुकडे त्यांच्या हातात ठेवले. ठेकेदारांनी सही वाचली. पुन्हा वाचली. मग तेही भोंग्यासारखे ओरडले, "बाहेर व्हा, बाहेर."

शेवटचं मूल पायऱ्या उतरलं. भोंग्याने शेपटीचा हात घट्ट धरला होता.

आधी आतून वाळू सांडल्यासारखा आवाज आला. मग ती पांढरीशुभ्र भिंत पोटातून फुगली आणि खाली बसली. माळ्यावरचं पुस्तकांचं कपाट तिच्यामागून कोसळलं. धुळीचा लोट मैदानापर्यंत आला.

धूळ खाली बसली, तेव्हा दगडांच्या ढिगातून खुर्चीचा एक पाय वर आलेला दिसला. त्याच्याजवळ शेपटीने सकाळीच खुर्चीवर ठेवलेली कागदी फुलं.

"ती माझी खुर्ची," शेपूट म्हणाली. "हो," भोंगा पहिल्यांदाच हळू बोलला.

ठेकेदार जमिनीवर बसले होते. हातात अजून काचेचे तुकडे. "चार दिवस," ते पुटपुटत होते. "चार दिवसांत उरकलं मी. त्या म्हाताऱ्या गवंड्याला एकदा विचारलं असतं तर…" मग थापीकडे बघून म्हणाले, "पोरी, बाकीच्या भिंतींवरचं सिमेंट मी स्वतः फोडतो. तुझे आजोबा सांगतील तसं."

आईबापांनी आपापली मुलं पोटाशी धरली होती. एक जण म्हणाला, "पोरांनी आज गाव वाचवलं." मावशीने भोंग्याला जवळ घेतलं, शेपटीच्या केसांतली धूळ झटकली. "आणि थापी कुठाय? तिची पाठ तर थोपटू दे मला."

थापी तिथे नव्हती.

सकाळच्या गडबडीत तिने एकच काच पाहिली होती. गल्लीतल्या सात अजून राहिल्या होत्या. पट्ट्यांचा डबा काखेत मारून, धुळीने पांढरी झालेली थापी पहिल्या घराच्या दिशेने चालू लागली होती.