नानांनी न घेतलेला चहा

दीपनगरच्या वसाहतीत, मोनालीच्या मावशीच्या क्वार्टरमागच्या कुंपणाशी एक तरुण ओणवा होऊन कात्रीने गवत कापत होता, आणि तेही अगदी मन लावून. पौषातली कडाक्याची थंडी, ऊन नुकतंच भिंतीवर चढलेलं. तुळशीला पाणी घालायला मोनाली मागच्या दारी आली आणि तांब्या हातात धरून बघतच राहिली.

"म्हैस पाळलीय का?" तिने विचारलं.

तो दचकून उभा राहिला. नाक लालभडक, गळ्याला मफलर, हातात हिरवी जुडी. "नाही... चहात घालायला. गवती चहा."

"ते नुसतं गवत आहे."

"पण वास तर येतोय."

"सर्दी झालेल्या माणसाला?"

तो आधी ओशाळला आणि मग खो-खो हसत सुटला. स्वतःवर असं हसणारी माणसं मोनालीला आवडायची. शिवाय ती निर्णयाला वेळ लावणारी मुलगी नव्हती. नळाजवळच्या खऱ्या गवती चहाची चार पाती तिने कापली, त्यांची गाठ मारली आणि कुंपणावरून त्याच्या हातात दिली. देताना त्याची बोटं गार लागली, हे तिच्या उगाचच लक्षात राहिलं.

त्याचं नाव हितेंद्र. धुळ्याकडचा, सोनगीरचा. वीज केंद्रात इंजिनिअर म्हणून नुकताच लागला होता आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये एकटाच राहत होता. मोनाली सावद्याकडच्या केळीवाल्या जीवरामनानांची धाकटी लेक. इथल्या शाळेत शिकवायची आणि सुंदरबाई मावशीकडे राहायची.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कुंपणाशी हजर. म्हणे, पात्यांनी सर्दी पळाली असती, पण दूधच फाटलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की पठ्ठ्याने पाणी, दूध, साखर, आलं सगळं एकदमच चढवलं होतं. मावशीने कपाळावर हात मारला आणि त्याला आत बोलावून घ्यायला सांगितलं.

मावशी दाराशी मेथी निवडत बसली आणि ओट्यापाशी शिकवणी सुरू झाली. आधी पाणी. त्यात ठेचलेलं आलं, गवती चहाची गाठ, तुळशीची पानं. ते खळखळून उकळलं, की खलबत्त्यात कुटलेला मसाला चिमूटभर. सुंठ, मिरी, दालचिनी, वेलदोडा, आणि जायफळ अगदी नावाला. मग चहापत्ती. दूध सगळ्यात शेवटी, तेही तापवलेलं. तो वाकून पातेल्यात बघायला गेला आणि वाफेने त्याचा चष्मा पांढराफट्ट झाला.

"आता काय दिसतंय?" मोनालीने विचारलं.

"काहीच नाही. पण वास येतोय... आज खरंच येतोय."

चष्मा पुसून त्याने तिच्याकडे पाहिलं, ते जरा जास्तच वेळ. मावशीच्या हातातली मेथी थांबली. मोनालीने नजर चुकवली नाही, फक्त गाळणी उचलली आणि कप भरला.

मग काय, थंडीभर हेच. शाळा सुटून ती यायची, त्याची ड्यूटी संपलेली असायची आणि कुंपणावरून कप इकडून तिकडे व्हायचे. कधी त्याचा चहा पांचट व्हायचा, कधी मिरीने ठसका लागायचा. ती तोंडावर नावं ठेवायची, तो दुसऱ्या दिवशी सुधारून आणायचा. एका संध्याकाळी त्याचा चहा असा काही जमून आला, की मोनालीला नाव ठेवायला जागाच सापडेना. तिने नुसताच कप रिकामा केला, तसा तो घाबरला.

"वाईट झाला?"

"चांगला झालाय. उद्यापासून शिकवायला काही उरलं नाही."

"मग मी... उद्यापासून कशाला यायचं?"

"मला बघायला या," ती म्हणाली. आणि तो एवढा मोठा इंजिनिअर कप हातात धरून नुसता उभाच राहिला. मोनालीचं त्याच्यावर प्रेम बसलं होतं आणि ते मान्य करायला तिला कसलीच लाज वाटत नव्हती.

अडचण एकच होती, नाना. मोठ्या मुलीला त्यांनी चोपड्याला दिलं होतं. धाकटीचं घर तर त्यांना मोटारसायकलवर सहज जाऊन येण्याइतकं जवळ, केळीच्या मुलखातच हवं होतं. हितेंद्र मात्र धुळ्याकडचा, नोकरी बदलीची. मोनालीने त्याला स्पष्टच सांगून टाकलं, "नाना नाही म्हणाले, तर मी पळून येणार नाही. त्यांच्या मनाविरुद्ध मी सुखात राहू शकणार नाही."

"मग त्यांना हो म्हणायला लावू," तो ठामपणे म्हणाला.

मोनालीने घरी कळवलं आणि रविवारी नाना आले. मोनाली आणि मावशीला घेऊन ते हितेंद्रच्या क्वार्टरमध्ये गेले. त्याची आई, धुरपदाबाई, मुद्दाम सोनगीरहून आली होती. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर. नानांनी पाय पसरले आणि विचारपूस सुरू केली. ड्यूटी कशी असते, बदली कुठे कुठे होते, सोनगीरच्या विहिरीला पाणी किती. हितेंद्र एकेका प्रश्नाला सरळ उत्तर देत गेला. येत नव्हतं ते येत नाही म्हणाला. मग उठून आत गेला. थोड्या वेळात आल्याचा, गवती चहाचा, जायफळाचा असा दरवळ बाहेर आला, की मावशीने डोळेच मिटले. ट्रे घेऊन तो स्वतः आला आणि पहिला कप त्याने नानांसमोर धरला.

नानांनी हात आडवा केला. "मले नको."

"घ्या ना नाना," धुरपदाबाई म्हणाल्या, "मना पोऱ्याना हातना चहा शे."

"नको. पानीबी नको." नाना उठले आणि परसातली झाडं बघायला निघून गेले.

धुरपदाबाईंचा चेहरा पडला. चहाशिवाय ज्या माणसाचं पान हलत नाही, त्याने त्यांच्या लेकाच्या हातचा कप परतवला होता. हितेंद्र ट्रे तसाच घेऊन आत वळला. मोनालीच्या छातीत मात्र असा काही आनंद उसळला, की तिला पदर तोंडावर धरावा लागला. तिने हळूच धुरपदाबाईंचा हात दाबला आणि त्याच्यामागे स्वयंपाकघरात गेली.

तो ओट्याशी पाठमोरा उभा होता. "काय चुकलं? सुंठ जास्त पडली का?"

"चहाचं काही चुकलं नाही."

"मग मी आवडलो नाही."

"हितेंद्र, इकडे बघा. चोपड्याला ताईचं घर बघायला गेले होते, तेव्हाही त्यांनी पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मुलगी ज्या घरी द्यायची, त्या घरचं नाना काही घेत नाहीत. जुनी रीत आहे, ते कटाक्षाने पाळतात. नाही म्हणायचं असतं ना, तर बशी भरभरून दोनदा प्यायले असते आणि विचार करून कळवतो म्हणाले असते."

त्याला समजायला वेळ लागला. मग समजलं, आणि तो ट्रेसकट दोन पावलं तिच्याकडे आला. तिने ट्रे काढून घेतला.

"म्हणजे... हो?"

"हो."

"त्यांचं. आणि तुझं?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. मोनालीने नानांसाठी भरलेला कप उचलला, त्याच्याकडे बघत निवांत एक घोट घेतला आणि म्हणाली, "मला या घरचं चालतं."

बाहेरून नानांचा आवाज आला. ते धुरपदाबाईंना साखरपुड्याला किती माणसं येतील ते विचारत होते. हितेंद्रने तिचा मोकळा हात हातात घेतला. आता त्याची बोटं चांगली ऊबदार होती.

"पण नानांना माझा चहा कधीच प्यायला मिळणार नाही का?" त्याने कुजबुजत विचारलं.

"मिळेल की." मोनाली दाराकडे वळली, कारण आता तिचे गाल तापले होते. "नातवंड झालं, की पितील."

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. बहुतेक साखरेचा डबा.