दादाचा वेग

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कोणाला पटवायला बसलेली नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय. आणि रात्री-बेरात्री नाही, रविवारी भर दुपारी घडलंय.

फर्निचरच्या दुकानावर एक मोठा हॉल आहे. रविवारी दुपारी तिथे लोक नाचायला येतात. पडदे उघडे असतात, आत लख्ख ऊन असतं. भुताखेताचं काही वातावरणच नाही.

माझा दादा तिथे वर्षानुवर्षं डीप हाउस, म्हणजे संथ ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, वाजवायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. मीही डीजेच आहे, पण माझी ओळख काय? उस्तादची बहीण.

मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला. मी खूप रडले. खरं सांगू? मला त्याचा रागही तेवढाच होता.

कारण त्याने मला एकही मिक्स धड पूर्ण करू दिला नाही. एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं तर दोघांची पट्टी आणि वेग जुळावा लागतो. पट्टी मी कानाने ओळखायचे, त्यात त्याला खोट काढता यायची नाही. मग तो वेगावर घसरायचा. मला मिनिटाला एकशे चोवीस ठोके आवडतात, त्याला एकशे अठरा. मी वाजवत असले की हा मागून यायचा, वेगाच्या स्लायडरवर दोन बोटं ठेवून तो सरकवायचा आणि म्हणायचा, "घाई करू नकोस, छोटे."

विचारणं नाही, सांगणं नाही.

त्या रविवारी हॉलच्या मालकांनी मला संधी दिली. लोकांना आवडलं तर दर रविवार माझा. मी स्वतःचं एक गाणं बनवलं होतं, आयुष्यातलं पहिलं. दादाच्या शेवटच्या गाण्यातून माझ्या गाण्यात जायचं ठरवलं. पट्टी दोन्हींची एकच होती. वेग मात्र माझा. त्याचं गाणं मी एकशे चोवीसवर आणून ठेवलं.

सुरुवात झकास झाली. दादाचं गाणं संपत आलं. मी हेडफोनमध्ये माझं गाणं लावलं, ठोक्यावर ठोका बसवला, त्याचा आवाज वर घेतला आणि दादाचं गाणं बंद केलं. हेडफोन कानांवर तसाच ठेवला. माझं गाणं मला कान भरून ऐकायचं होतं.

मग मान वर केली.

लोक नाचत होते, पण...

त्यांचे पाय माझ्या ठोक्यावर पडत नव्हते.

एखादा चुकला तर समजू शकते. इथे अख्खा हॉल चुकत होता. सगळे एका लयीत, माझ्यापेक्षा सावकाश.

मी हेडफोन काढला...

हॉलमध्ये भलतंच गाणं वाजत होतं.

पट्टी तीच, वेग कमी. ते गाणं मी कधीच ऐकलेलं नव्हतं. पण मध्येच एक ठोका गाळून श्वास घेऊ द्यायची ती सवय... भिंतीपलीकडून तेच ऐकत मी लहानाची मोठी झाले.

स्क्रीनवर नाव माझ्याच गाण्याचं होतं. वेग एकशे अठरा. स्लायडर सरकलेला होता. त्याला मोटर वगैरे काही नसते. हाताने सरकवल्याशिवाय तो केसभरही हलत नाही.

माझं डोकंच फिरलं. भीती नंतर वाटली, आधी संताप आला. मेल्यावरही सोडणार नाही? मी स्लायडर जागेवर आणायला हात घातला...

तिथे आधीच दोन बोटं होती.

दिसत काहीच नव्हतं. पण माझ्या बोटांखाली बोटं होती, कोमट. मी सगळा जोर लावला. ती हलली नाहीत.

"दादा, हात काढ," मी म्हणाले. "हे माझं आहे."

शेजारी साउंडवाले काका उभे होते. कोणाशी बोलतेयस, म्हणून त्यांनी विचारलं आणि पुन्हा मान डोलवायला लागले. त्यांना कशातच काही वावगं वाटत नव्हतं.

गाणं संपलं तेव्हा लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मालकांनी तिथल्या तिथे दर रविवार मला देऊन टाकला. वर पाठ थोपटत म्हणाले, "उस्ताद आठवला बघ." मी दात-ओठ खात हसले.

काकांनी त्या दुपारचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यात ते दुसरंच गाणं आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या पेनड्राइव्हमध्ये मात्र माझंच आहे. मी शंभरदा तपासलंय.

आई रोज ते रेकॉर्डिंग लावायला सांगते. दादा गेल्यापासून ती धड जेवतही नव्हती. आता जेवते. तिला वाटतं, ते मी बनवलंय.

परवा माझा संयम सुटला. तिला खुर्चीत बसवलं. पेनड्राइव्ह लावला, आधी स्वतः ऐकून खात्री केली. माझं गाणं, माझा वेग. मग हेडफोन तिच्या कानांवर ठेवला आणि म्हटलं, आई, हे ऐक. हे माझं आहे.

ती डोळे मिटून ऐकत राहिली. चेहऱ्यावर हसू आलं. तिच्या बोटाने टेबलावर ठेका धरला...

सावकाश.

हेडफोन हिसकावून घ्यावासा वाटला. पण तिच्याकडे बघून माझा हातच उठला नाही.

माझं गाणं अजून कोणीच ऐकलेलं नाही.