डावीकडे बघणारा दिवा

गाड्यांचे दिवे विकायला लागून तीस वर्षं झाली. शाळेचं आणि माझं कधी जमलं नाही. जे शिकलो ते उघड्या बॉनेटमध्ये डोकं घालून. पण एवढं छातीठोकपणे सांगतो, गाडीचा दिवा उगीच रुसत नाही. बल्ब गेलेला असतो, फ्यूज उडालेला असतो, नाहीतर अर्थिंगची वायर गंजलेली असते. एक गृहस्थ उजेड पडत नाही म्हणून तीनदा बल्ब बदलून गेले. चौथ्यांदा मी त्यांच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा उतरवला. कारण सापडतंच. फक्त एका दिव्याचं अजून सापडलेलं नाही.

ताईच्या छोट्या गाडीचा डावा दिवा फुटला होता. नवा यायला महिना लागणार, म्हणून भंगारवाल्याकडून तशाच गाडीचा जुना आणून बसवला.

"सख्ख्या बहिणीला भंगारातला?" ताई म्हणाली.

"सख्खी आहेस म्हणून तर निवडून आणला."

भाऊजी हसले. "शेठ, ही विद्या कुठल्या शाळेत मिळते हो?" भाऊजी घाटातल्या रस्त्याचे मुकादम. दरड कोसळली की आधी त्यांनाच बोलावणं.

दुकानासमोरच्या भिंतीवर मी खडूने दोन फुल्या काढून ठेवल्यात. गाडी पंचवीस फुटांवर उभी करायची, दिवे लावायचे आणि मागचा स्क्रू फिरवत एकेक उजेड आपापल्या फुलीवर आणायचा. याला आम्ही फोकस लावणं म्हणतो. ताईचा फोकस लावून दिला. चार दिवसांत ती परत आली. डावा उजेड फुलीपासून वीतभर डावीकडे. पुन्हा लावला, पुन्हा सरकला. मग क्लिपा बदलल्या आणि स्क्रूवर रंगाचा ठिपका दिला, म्हणजे हलला तर कळावं.

आठवड्याने दुपारी गाडी पुन्हा भिंतीसमोर उभी. ठिपका जागच्या जागी. उजेड मात्र हातभर डावीकडे.

"रस्त्याकडे बघतच नाही रे हा," ताई म्हणाली. "कडेला काहीतरी शोधत असतो."

मी हसण्यावारी नेलं. पण त्या दिवशी धुकं उतरलं होतं, आणि सकाळी स्कूटरवरून दरड बघायला गेलेले भाऊजी जेवायला आले नव्हते. चार वाजले तरी फोन लागेना. त्यांच्या माणसांनी दोनदा रस्ता पालथा घातला. ना स्कूटर, ना माणूस.

"बस गाडीत," ताई म्हणाली.

घाटात ओल्या मातीचा वास कोंडला होता. अप्पर, म्हणजे लांबचा झोत, लावला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राही, म्हणून ताई डिपरवर सावकाश चालवत होती. उजवा दिवा मुकाट रस्ता दाखवत होता. डावा कडेच्या दगडांवरून सरकत होता... एकेक दगड चाचपत असल्यासारखा.

"तू स्क्रू सैल ठेवलास का?"

"नाही."

"मग तो हलतोय कसा..."

पुढे उजवीकडे मोठं वळण होतं. गाडी वळली. डावा उजेड वळला नाही.

तो तिथेच दरीच्या तोंडाशी थांबला, मग हळूहळू खाली उतरला. ताईने ब्रेक दाबला. वीस फूट खाली झुडपात स्कूटरचं चाक दिसलं. त्याच्या बाजूला भाऊजींचा हात. हात हलला.

डिकीतला गाडी ओढायचा दोर बांधून मी खाली उतरलो. पाय मोडला होता, अंग गार पडलं होतं, पण माणूस शुद्धीवर.

"उशीर केलात," दात वाजत होते तरी ते म्हणाले. "हा बिचारा दुपारपासून दिवा धरून बसलाय. झोपूच देत नाही."

"कोण, भाऊजी?"

"हा काय... म्हणतो, माझ्या वेळी कोणी खाली बघितलं नाही. तुमचं तसं होणार नाही."

तिथे भाऊजी आणि मी, दोघंच होतो. आणि दुपारी तो दिवा माझ्या दुकानासमोर होता.

पुढे भंगारवाल्याला विचारलं, तो दिवा कुठल्या गाडीचा. "त्याच वळणाखालून काढलेली गाडी होती ती, शेठ. दोन दिवस कोणाला दिसली नव्हती. मालक आतच."

भाऊजींचा पाय जुळला. आता काठीशिवाय चालतात, आणि गाडीत बसताना डाव्या दिव्यावर दोन बोटं टेकवतात. नवा दिवा आला, तो ताईने बसवू दिला नाही. "राहू दे," म्हणाली. "जागा असतो तो." भाऊजी सापडल्यापासून डावा उजेड बरोबर फुलीवर. ठिपका न हलता. एकच खोड राहिली. गारठ्यात काचेला आतून वाफ धरते, आणि मधोमध तळहाताएवढी जागा स्वच्छ असते. काच मी स्वतः चिकटवून बंद केलेली आहे. आतून पुसणार कोण?

आठ महिने असे गेले. आज पहाटे धुकं पडलं, आणि ताई गाडी घेऊन आली. भिंतीवर बघितलं तर उजेड फुलीपासून वीतभर सरकलेला. मी स्क्रूला हात लावला नाही. डिकीत दोर, ब्लँकेट, पाणी ठेवलं. भाऊजी मागच्या सीटवर येऊन बसले.

निघण्याआधी मी सवयीने दिव्याची काच पाहिली. आत वाफ होती, आणि पुसलेल्या जागा आज दोन होत्या. दुसरी लहान मुलाच्या तळहाताएवढी.