सील न तुटलेली बाटली

वसतिगृहातल्या एकेचाळीस मुली आजारी पडल्या होत्या. शनिवारी सकाळी त्यांतली दुसरी दगावली आणि आरोग्य खात्याचा तपास अधिकारी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत पोचला.

'पाणी पिण्यास योग्य' हा अहवाल इथलाच. खाली धाकट्या केमिस्टची सही. ती सोमवारपासून गायब.

"पळाली," प्रयोगशाळेचे मालक म्हणाले. "चोराच्या मनात चांदणं. आणखी काय पुरावा हवा?"

थोरली केमिस्ट बाटल्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या लिहीत होती. सगळे तिला मावशी म्हणत.

"मावशी, नमुना कधी आला?"

"सोमवारी. सतरा तारखेला, सकाळी अकराला."

"अहवाल?"

"त्याच दिवशी पाचला."

"जंतूंच्या तपासणीला किती वेळ लागतो?"

मावशीचा हात थांबला. "निदान चोवीस तास."

फ्रिजमध्ये वसतिगृहाची बाटली मिळाली. लाखेचं सील जसंच्या तसं. पाणी कुणी तपासलंच नव्हतं.

अधिकाऱ्यानं धाकटीचं घर गाठलं. भावानं आढेवेढे घेत तिला फोन लावून दिला. ती मामाकडे होती.

"मालकसाहेब म्हणाले, न तपासता अहवाल दे. गिऱ्हाईक मोठं आहे. मी राजीनामा लिहिला, मावशींच्या हातात दिला आणि दीडच्या बसनं इकडे आले."

"मग लपलीस का?"

"पेपरात माझं नाव वाचलं. भावाला म्हटलं, मी कुठं आहे ते कुणाला सांगू नकोस."

तिनं तिकिटाचा फोटो पाठवला. सोमवार, दुपारी दीड.

अधिकारी परत आला. त्यानं अहवाल टेबलावर ठेवला. शेजारी बाटलीवरची एक चिठ्ठी.

"अहवाल पाचचा. तेव्हा ती बसमध्ये होती. म्हणजे सही दुसऱ्याची. नक्कल करायला तिची सही समोर कुणाकडे होती? राजीनामा ज्याच्या हातात दिला, त्याच्याकडे. आणि अहवालाच्या तारखेत सतरामधला सात बघा. पोटातून आडवी रेघ. इथल्या प्रत्येक चिठ्ठीवर तोच सात आहे. मावशी, हे अक्षर तुमचं."

मावशी स्टुलावर बसली.

"साहेब म्हणाले, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. या वयात मला कोण घेणार?"

"पण तिचं नाव का?"

"माझं घालायला हात धजला नाही. ती तरणी आहे, कुठंही लागेल, वाटलं."

"मी असं म्हणालो?" मालक शांतपणे म्हणाले. "लेखी दाखवा."

लेखी काहीच नव्हतं. मावशीला पोलिसांच्या गाडीत बसवलं. मालक दारापर्यंत सोडायला आले.

अधिकाऱ्यानं धाकटीला फोन केला. "तुझ्यावरचा आळ गेला. परत ये."

"आणि साहेब?"

"त्यांच्यावर काही सिद्ध होत नाही."



"नोकरी सोडली म्हणजे सुटले, असं वाटलं मला. वसतिगृहाचा नंबर त्या बाटलीवरच होता. एक फोन करायचा होता ना हो मी?"

अधिकारी फोन कानाला धरून उभा राहिला. त्यानं जप्त केलेली बाटली फिरवून तो नंबर पाहिला.