मागची घंटी

लाँड्रीत त्याला सगळे वकील म्हणत. इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या माणसाला हे नाव पडायचं कारण एवढंच, की पुराव्याशिवाय तो कुणाचं काही ऐकून घेत नसे. यंत्र बिघडलं म्हणून सांगितलं, तरी आधी स्वतः कान लावून बघायचा. बायको त्याच लाँड्रीत इस्त्रीवर होती. तिच्यापुढे मात्र त्याची वकिली चालत नसे.

सकाळच्या पाळीला दोघं सायकलींवर जात, कालव्याच्या कडेकडेनं. थंडीत त्या रस्त्यावर असं धुकं दाटायचं, की स्वतःचं पुढचं चाक दिसायची मारामार. म्हणून दोघांनी एक रीत बसवली होती. पुढे तो. रस्त्यात जे येईल ते त्यानं ओरडून सांगायचं, "खड्डा!", "खडी!", "डावीकडे वळण!" मागून तिनं एकदा घंटी वाजवायची, म्हणजे ऐकलं. घंटी आली नाही, तर त्यानं थांबायचं. लाँड्रीतल्या बायका यावरून दोघांची यथेच्छ टिंगल करत.

यंदा ऐन थंडीत ती न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडून बसली. प्लास्टर चढलं. वकील एकटाच निघाला. कानटोपी, दोन स्वेटर, तरी हँडलवरची बोटं बधिर. पुलापुढच्या खड्ड्याशी आला आणि सवयीनं ओरडला, "खड्डा!"

मागून घंटी वाजली.

त्यानं पाय टेकून मागे पाहिलं. नुसतं धुकं. कालव्याचं पाणी काठाला हळूच लागत होतं. असेल कुणीतरी कामावर निघालेलं, रस्ता काय आपल्या बापाचा आहे? तो वाट बघत थांबला. कुणी पुढे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग वकिलानं पडताळून बघायचं ठरवलं. साफ रस्त्यावर मुद्दाम ओरडला, "खड्डा!" घंटी आली नाही. पुढे खरा खड्डा आला, तो ओरडला, आणि घंटी वाजली.

घरी तो यातलं काही बोलला नाही. बायको हसेल ही एक धास्ती आणि हाती पुरावा नाही ही दुसरी. आणि खरं सांगायचं, तर त्याला बरंही वाटू लागलं होतं. एकट्याच्या रस्त्याला तेवढीच सोबत. मग तो सगळंच नीट सांगू लागला. खड्डा कुठे, खडी कुठे, वळण कुठे.

एकदा लाँड्रीच्या गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "वहिनींचा हात बरा झाला वाटतं?"

"नाही अजून. का?"

"तुमच्या मागे दिवा येतो ना रोज. गेटच्या अलीकडे विझतो." वॉचमन शेकोटीत काटक्या सारत राहिला.

वकिलानं आयुष्यात पहिल्यांदा उलटतपासणी घेतली नाही.

प्लास्टर निघालं. "थोडे दिवस बसनं जा," तो बायकोला म्हणाला.

"ते का?"

"थंडी फार आहे."

"तुम्हाला नाही वाटतं थंडी? निघा मुकाट्यानं."

ती मागे, तो पुढे. त्या सकाळी धुकं हाताला लागेल इतकं दाट होतं. तो ओरडत होता आणि प्रत्येक वेळी घंटी येत होती. ही आता हिचीच घंटी, त्यानं स्वतःला बजावलं. गेटशी पोचून तो हसत मागे वळला.

मागे कुणी नव्हतं.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सायकल वळवली, तोच धुक्यातून तिचा दिवा आला. नाक लाल, हाताला वंगण. जीव भांड्यात पडला आणि त्याला एकदम रडूच फुटेल असं वाटलं.

"चेन पडली हो पुलापाशी. किती हाका मारल्या, पण तुम्ही आपले सुसाट."

"तुझी घंटी येत होती."

"मी खाली बसून चेन लावत होते. घंटी कुठली?"

"मग एकटीच आलीस?"

"एकटी कशी? तुम्ही मग पुढे थांबला होतात की. माझ्यापुढे राहून सगळं सांगत होतात, खड्डा, खडी." तिनं पदरानं चष्मा पुसला. "पण मध्येच 'उजवीकडे वळण' काय? उजवीकडे कालवा आहे. वळलेच असते."

त्यानं मागच्या धुक्याकडे पाहिलं.

"आणि तिकडून खालून कसल्या हाका मारत होतात? ये, इकडून जवळ पडतं म्हणे."

"तू काय म्हणालीस?"

"आज नको म्हटलं, हात दुखतोय. उद्या येते."

"मग?"

"मग काय? 'नक्की ना?' म्हणून विचारलंत." तिनं सायकल स्टँडला लावली. "मी हो म्हटलं."